शितावरून भाताची परीक्षा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा भाचा धरणगावला शिकतो. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यानं घरच्या शेतात कापूस वेचला. माझ्या बहिणीनं त्याला मजुरासारखेच किलोच्या हिशेबानं पैसे मोजून दिले. ते पैसे खिशात घालून आणि धाकट्या भावाला सोबत घेऊन हा पठ्ठ्या एसटीनं जळगावला गेला. एका नव्या सुपरहिरोचा सिनेमा लागला होता. त्याचा ट्रेलर त्यानं मोबाइलवर तीस-चाळीस वेळा पाहिला होता, पाठच होता म्हणा ना. त्यात दोन वीर एकमेकांसमोर उभे ठाकतात, आकाशात वीज कडाडते आणि अंधार होतो. त्या एका क्षणासाठी ही दोघं भावंडं तीस-पस्तीस किलोमीटर गेली होती.

संध्याकाळी परत आला तो तोंड पाडून. सिनेमात तो प्रसंगच नव्हता. मला म्हणाला, "मामा, ही फसवणूकच झाली ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर मी बरंच वाचलं, विचारलं. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

आपल्या भागात ट्रेलर म्हटलं की आधी ट्रॅक्टर आठवतो. कापूस भरून जिनिंगकडे निघालेला, मागे जोडलेला तो ट्रेलर. गंमत म्हणजे सिनेमातला ट्रेलरही मुळात त्याच अर्थाचा आहे. ट्रेलर म्हणजे मागून येणारा. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये निल्स ग्रॅनलंड नावाच्या जाहिरात-व्यवस्थापकानं एका येऊ घातलेल्या संगीत नाटकाच्या तालमींची छोटीशी फिल्म थिएटरात दाखवली, तिथून ट्रेलरची सुरुवात झाली असं सांगतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला, तेही हेच वर्ष. तेव्हा असे तुकडे सिनेमा संपल्यावर दाखवायचे. पण सिनेमा संपला की लोक उठून चालू लागतात. मग हे तुकडे सिनेमाच्या आधी दाखवायला सुरुवात झाली. जागा बदलली, नाव तेच राहिलं.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत ट्रेलर पोचण्याआधी टांगा पोचला. दोन्ही बाजूंना रंगीत बोर्ड, वर भोंगा, आणि "आज रात्री, आपल्या गावात" असा पुकारा. मागून पोरांची झुंबड, कारण आतला माणूस रंगीत कागद उधळायचा. यात्रेतल्या तंबूच्या दाराशी सिनेमाचे फोटो लावलेले असत. आम्ही पोरं त्यात मारामारीचे फोटो किती आणि रडण्याचे किती ते मोजायचो, आणि त्यावरून सिनेमा कसा असेल ते ठरवायचो. आज आठ पोरं एका मोबाइलभोवती डोकी जमवून बसतात, ती याच जातीची. साधन तेवढं बदललं.

आता मुख्य मुद्दा. ट्रेलर कसा बनतो?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला की नाही हे बघायला आपण एक शीत बोटानं दाबून पाहतो. पण ही परीक्षा खरी केव्हा ठरते? शीत आपण आपल्या हातानं उचललं तर. विकणाऱ्यानंच भांड्यातलं सगळ्यात टपोरं शीत निवडून आपल्यापुढे ठेवलं, तर त्यावरून भाताबद्दल फारसं काही कळत नाही. ट्रेलर म्हणजे असं निवडलेलं शीत आहे.

दोन-अडीच तासांच्या सिनेमातून साधारण दोन-अडीच मिनिटं काढायची असतात. मोठ्या परदेशी सिनेमांत हे काम बरेचदा दिग्दर्शक करत नाही, त्यात तरबेज असलेल्या वेगळ्या मंडळींकडे ते दिलं जातं. प्रसंगांचा क्रम बदलतात. एका प्रसंगातलं वाक्य दुसऱ्याच चित्रावर बसवतात. संगीतही बहुधा सिनेमातलं नसतं. ते हळूहळू चढत जातं, अचानक थांबतं, क्षणभर काळोख, मग एक जोरदार दृश्य आणि सिनेमाचं नाव. शिवाय ट्रेलर येतो तेव्हा पुष्कळदा सिनेमाच पुरा झालेला नसतो. संकलन चालू असतं. ट्रेलरमध्ये झळकलेला तुकडा नंतर सिनेमातून कापला जातो, तो असा. माझ्या भाच्याच्या दोन वीरांचं असंच काहीतरी झालं असावं.

मग प्रश्न पडतो, हे सगळं माहीत असूनही चाहते त्यासाठी इतके वेडे का होतात?

याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. एरंडोलला पांडववाडा आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं आपल्याकडे मानतात. भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. बकासुर मरणार हे पहिल्या वेळेलाच कळलेलं असतं. तरी गाडाभर अन्न घेऊन भीम निघाला की आपण पुढे सरकून बसतो. शेवट माहीत असतो, ओढ असते ती 'कसं' याची. आणि कथेकऱ्यानं नुसतं 'गदा' म्हटलं तरी पोरं ओरडतात, "भीम आला!" नाव सांगायची गरजच पडत नाही.

सुपरहिरोच्या ट्रेलरचं सगळं बळ इथं आहे. अंधारात नुसती गोल ढाल चमकते आणि पोरं शिट्या मारतात. ज्याला ओळखतो तो दिसला, आणि इतरांच्या आधी मी ओळखला, हा आनंद असतो. त्यानंतर अंदाज सुरू होतात. डिसेंबर २०१८ मध्ये 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'चा पहिला ट्रेलर आला. त्यात आयर्न मॅन अंतराळात एकटा अडकलेला आहे, अन्नपाणी संपलं आहे आणि हवाही संपत आली आहे. आमच्या गल्लीतल्या ओट्यावर त्या दिवशी एकच चर्चा होती : "भाऊ, हाऊ मरी का वाची?" कोणी घरच्या माणसाची विचारपूस करावी तशी पोरं विचारत होती. सिनेमा यायला चार महिने होते. त्या चार महिन्यांत प्रत्येक पोरानं आपापल्या डोक्यात एक एक सिनेमा रचला.

ही ओढ केवढी मोठी आहे ते आकड्यांवरून कळेल. २०१७ च्या नोव्हेंबरात 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'चा ट्रेलर पहिल्या चोवीस तासांत २३ कोटी वेळा पाहिला गेला, असं कंपनीनं जाहीर केलं. एंडगेमचा आकडा जवळपास २९ कोटी होता आणि २०२१ मधल्या 'स्पायडर-मॅन : नो वे होम'चा साडेपस्तीस कोटी. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अर्थात हे आकडे माणसांचे नाहीत, पाहण्यांचे आहेत, आणि सिनेमा विकणाऱ्यांनीच दिलेले आहेत. माझा भाचा एकटाच त्यात तीस-चाळीस वेळा मोजला जातो!

चाहते इतके बारकाईनं बघतात हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मग लपंडाव सुरू होतो. इन्फिनिटी वॉरच्या ट्रेलरमध्ये बाकीच्या वीरांबरोबर हिरवा हल्क रणांगणावर धावताना दिसतो. प्रत्यक्ष सिनेमातल्या त्या लढाईत हल्क उतरतच नाही. प्रेक्षकांना आधी सुगावा लागू नये म्हणून ते दृश्य मुद्दाम ट्रेलरमध्ये घातलं होतं. 'नो वे होम'मध्ये आधीच्या सिनेमांतले दोन स्पायडर-मॅन येणार, हे गुपित ठेवायचं होतं, म्हणून ट्रेलरमधल्या चित्रांतून ते दोघे पुसून टाकले. पण एका परदेशी ट्रेलरमध्ये राक्षसाला कोणी मारत नसताना त्याचं तोंड फिरतं, हे चाहत्यांनी एक एक चित्र थांबवून हेरलं आणि ते नेमके खरे ठरले.

याला फसवणूक म्हणायचं का? सिनेमा पाहून बाहेर आलेल्या बहुतेकांनी तक्रार केली नाही. कारण जे लपवलं होतं ते आत गेल्यावर दामदुपटीनं मिळालं. लपवणं वेगळं, आणि दाखवून न देणं वेगळं. भाच्याचं दुःख दुसऱ्या प्रकारचं होतं.

आणि या दुसऱ्या प्रकारावर आपल्या महाराष्ट्रातूनच एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१६ मध्ये शाहरुख खानचा 'फॅन' नावाचा सिनेमा आला. तो सुपरहिरोचा नव्हता, पण नाव पाहा, 'चाहता'! त्याच्या जाहिरातीत एक गाणं सारखं दाखवलं जात होतं. औरंगाबादच्या एका शिक्षिका मुलांना घेऊन सिनेमाला गेल्या, तर सिनेमात ते गाणंच नाही. त्यांनी ग्राहक म्हणून तक्रार केली. जिल्हा मंचानं ती फेटाळली. राज्य आयोगानं मात्र दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च द्यायला सांगितलं. राष्ट्रीय आयोगानं ते कायम ठेवलं. निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयानं आयोगांचे निकाल रद्द केले.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रेलर ही एका बाजूनं केलेली जाहिरात आहे. लोकांनी तिकीट काढावं, सिनेमाची चर्चा व्हावी एवढाच तिचा हेतू असतो. तो काही करार नाही की वचन नाही. ट्रेलरमध्ये दिसलं ते सिनेमात नाही, एवढ्यावरून सेवेत त्रुटी राहिली असं म्हणता येत नाही.

म्हणजे कायद्याच्या भाषेत भाच्याला उत्तर मिळालं : नाही, ही फसवणूक नव्हे. पण कापूस वेचून जमवलेले पैसे गेल्यावर पोराला कायदा सांगून त्याचं समाधान होत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. त्याच्या नाराजीला काही किंमत आहे की नाही?

आहे. २०१९ च्या एप्रिलअखेरीस 'सॉनिक' या सिनेमाचा ट्रेलर आला. व्हिडिओ गेममधला हा निळा, वाऱ्यासारखा पळणारा प्राणी. ट्रेलरमध्ये त्याला माणसासारखे दात होते. पोरांनी एकच गिल्ला केला, हा आमचा सॉनिकच नव्हे! दोन-तीन दिवसांतच दिग्दर्शकानं चूक कबूल केली. प्राण्याचं रूप नव्यानं घडवलं आणि नोव्हेंबरात येणारा सिनेमा फेब्रुवारी २०२० मध्ये आला. तिकीट विकलं जाण्याआधी ग्राहक बोलला, म्हणून त्याचं ऐकलं गेलं. तिकीट फाडल्यावर ओरडून तेवढा उपयोग होत नाही. बाजारात माल बघताना करायची घासाघीस माल घरी आणल्यावर करून चालत नाही, तसंच हे.

पण चाहत्यानं द्यायचा सगळ्यात मोठा जबाब मी पाहिला तो धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर, मालेगावात. तिथं शेख नासिर नावाचा तरुण व्हिडिओ थिएटर चालवायचा. इंग्रजी-हिंदी सिनेमे दाखवता दाखवता त्याला वाटलं, नुसतं बघत का बसायचं? त्यानं मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' काढला. पुढे थेट सुपरमॅनलाच मालेगावात आणलं. सुपरमॅन झाला शफीक नावाचा, पॉवरलूमवर राबणारा किडकिडीत तरुण. उडणं दाखवायला पैसे नव्हते, म्हणून हिरव्या कापडासमोर जुगाड करून तो उडाला. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये केला. शफीक पुढे कर्करोगानं गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरांत आला, आणि ज्या गावात पोरांनी दुसऱ्यांचे सिनेमे बघून आपले सिनेमे केले, त्याच गावावरच्या सिनेमाचा ट्रेलर देशभर पाहिला गेला.

परवा भाच्याला हे सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा रे, ट्रेलर खुशाल बघ. शंभर वेळा बघ, मित्रांशी वाद घाल, मरी का वाची याच्या पैजा लाव. ती मजा फुकट आहे आणि ती खरी आहे. पण ट्रेलरवरून तू डोक्यात जो सिनेमा रचतोस, तो तुझा असतो, त्यांचा नसतो. तो थिएटरात सापडेल असं समजून तिकीट काढू नकोस. घामाचा पैसा आहे, तेव्हा दोन दिवस थांब, बघून आलेल्या एखाद्या शहाण्या मित्राला विचार, मग एसटीत बस.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, पण ते दोघं वीर समोरासमोर आले असते तर पुढे काय झालं असतं, ते मी लिहून काढलंय. वाचून दाखवू?"

मी म्हटलं, दाखव. दोन वह्या भरल्या होत्या. त्याच्या आईनं कंदील लावून... नाही, वीज होती त्या दिवशी! रात्री उशिरापर्यंत आम्ही तिघं ऐकत बसलो, मी, बहीण आणि तो धाकटा. धाकट्यानं मध्येच विचारलं, "मग, हाऊ मरी का वाची?"

भाच्यानं वही मिटली आणि म्हणाला, "उद्या सांगेन."