काँक्रीट का आकसतं रे भाऊ?

माझी रूममेट सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज संध्याकाळी लॅबमधून आली की तिचा एकच डायलॉग, ‘आज अजून थोडा आकसला.’ मला आधी वाटलं, ही स्वेटरबद्दल बोलतेय. नंतर कळलं, प्रोजेक्टसाठी तिने काँक्रीटचे फूटभर लांबीचे ठोकळे बनवलेत आणि त्यांची लांबी ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते.

आता काँक्रीट कसं आकसेल? मी मास कॉमची, त्यामुळे तिला फार सोपं करून सांगावं लागलं. सिमेंटला रासायनिक प्रक्रियेसाठी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी काँक्रीट कालवताना घालतात, नाहीतर माल नीट पसरत नाही. हे जादा पाणी बारीक छिद्रांत अडकतं आणि पुढे कित्येक महिने हळूहळू उडत राहतं. छिद्र अर्धवट रिकामं झालं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण त्याच्या भिंतींना आत खेचतो. ओल्या ब्रशचे केस एकमेकांना चिकटतात ना, तसंच काहीसं.

चाचणीची माहिती नसेल तेव्हा ‘आयएस 456’ हे भारतीय मानक डिझाइनसाठी 0.0003 इतकं आकुंचन धरायला सांगतं. म्हणजे 10 मीटर स्लॅबमागे जेमतेम 3 मिलिमीटर! पण बीम आणि कॉलम स्लॅबला मोकळेपणी आकसू देत नाहीत. काँक्रीट दाब झकास सोसतं, ताण सोसायची त्याची ताकद मात्र साधारण दहावा हिस्सा. मग तडा जातो. तड्यातून पावसाचं पाणी आत, आतल्या सळईला गंज, गंज फुगून वरचं काँक्रीट सुटतं. घराचे हप्ते चालू असतानाच छताखाली बादली ठेवायची वेळ कधी कधी येते, ती अशी.

यावरचा एक रासायनिक उपाय 1980च्या दशकात जपानमध्ये निघाला. ग्लायकॉल इथर गटातलं द्रव रसायन, सिमेंटच्या वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के, काँक्रीटमध्येच मिसळायचं. ते पाण्याला उडण्यापासून थांबवत नाही, त्याचा पृष्ठताण कमी करतं. पाणी जातं, पण जाताना भिंतींना कमी ओढतं. सुरुवातीच्या महिन्यात आकुंचन निम्म्यापर्यंत घटू शकतं. पुढे हा फायदा थोडा कमी होतो.

‘पृष्ठताण तर साबणानेही कमी होतो, मग निरमा टाका की!’ मी म्हटलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते छापण्यासारखं नाही. साबणाचा फेस होतो, फेस म्हणजे हवा आणि जास्त हवा म्हणजे कमजोर काँक्रीट. खऱ्या रसायनाचेही नखरे आहेतच. माल सेट व्हायला उशीर लागतो, ताकद थोडी घटू शकते आणि खिशाला चटका बसतो. शिवाय ते घातलं म्हणून गोणपाट टाकून पाणी मारणं चुकत नाही. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस क्युरिंग हवंच.

पण तिचा खरा राग रसायनाच्या किमतीवर नाही. गेल्या उन्हाळ्यात ती एका साइटवर इंटर्न होती. दुपारी मिक्सरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आली, माल घट्ट झालेला. मुकादम म्हणाला, ‘मॅडम, जरासं पाणी मारतो, चालेल ना?’ जादा पाणी म्हणजे जादा आकुंचन, वर ताकदही कमी, हे तिने नुकतंच परीक्षेत लिहिलं होतं. पण भोवती वीसेक माणसं खोळंबलेली, सुपरवायझर फोनवर आणि ही सगळ्यात ज्युनिअर. ती गप्प बसली. पाइप लागला.

प्रोजेक्टमध्ये ठोकळ्यांचे दोन सेट ठरले होते, एक साधा आणि एक रसायनवाला. तिने गाइडच्या मागे लागून तिसरा वाढवला. त्यात रसायन नाही, फक्त ‘जरासं पाणी’ जास्त. सगळ्यात जास्त तोच आकसतोय. संध्याकाळी आल्या आल्या ती ज्याच्याबद्दल सांगते, तो ठोकळा हाच.