संगणकांतील मोडी

कुलवृत्तान्ताची टिपणें, वडिलांच्या आठवणी, आजीनें सांगितलेल्या व्रतकथा, हें सारें वह्यांवरून संगणकावर उतरवून ठेवण्याचा उद्योग १९९० नंतरच्या काळांत पुष्कळ सुशिक्षित घरांनीं हौसेनें केला. आतां ते जुने संगणक गेले व नवे आले. नव्यावर तीच फाईल उघडली म्हणजे मराठीचा मागमूसही नसतो; इंग्रजी अक्षरांची एक निरर्थक रांग तेवढी दिसते. “बिघडली ही,” असें म्हणून ती पुसून टाकण्याचा मोह अशा वेळीं होतो. तो आवरावा. बहुधा फाईल शाबूत असते. ती वाचण्याची किल्ली तेवढी हरवलेली असते.

ही किल्ली कोणती? संगणक अक्षर साठवीत नाहीं. अक्षराचा क्रमांक साठवितो. त्या क्रमांकाला पडद्यावर कोणतें रूप द्यावयाचें, तें फॉन्ट ठरवितो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं श्रीलिपी, कृतिदेव इत्यादि फॉन्टांनीं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरी रूपें बसविलीं होतीं. कृतिदेवांत ‘म’ हा इंग्रजी लहान ‘ई’च्या, म्हणजे १०१ या क्रमांकावर आहे. तो फॉन्ट नव्या यंत्रांत नसला, कीं यंत्र १०१ पाहून इमानानें ‘ई’च दाखवितें. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत ‘म’ला २३५० हा स्वतःचा क्रमांक आहे, व तो सर्व यंत्रांत एकच असतो.

असा प्रसंग महाराष्ट्रावर पूर्वींही आला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली, आणि माळ्यावरच्या रुमालांत बांधलेले आजोबांचे कागद नातवांना परके झाले. शाई होती, कागद होता, वाचणारा नव्हता. राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं असे कागद हुडकून बालबोधींत छापले, म्हणून ते आपणांस कळतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालचा. मात्र मोडी कागद शंभर वर्षें वाट पाहूं शकला. फ्लॉपी वा सीडी तितकी वाट पाहत नाहीं.

तेव्हां क्रम असा ठेवावा. प्रथम मूळ फाईलची नक्कल करून मूळ प्रत बाजूस ठेवावी. तिच्यांत कांहींही फेरफार करूं नये. मग नक्कल उघडून मजकुरावर खूण करावी. वरच्या चौकटींत पुष्कळदां जुन्या फॉन्टचें नांव दिसतें, मग तो फॉन्ट यंत्रांत नसला तरी. तो मिळवून यंत्रांत बसविला, कीं मजकूर पुन्हां वाचतां येतो. त्यानंतर नेमक्या त्याच फॉन्टासाठीं केलेल्या परिवर्तकानें तो युनिकोडांत आणावा. दुसऱ्या फॉन्टाचा परिवर्तक लावल्यास एका गोंधळाचा दुसरा गोंधळ होतो.

यानंतरचें काम यंत्राचें नव्हे, घरच्या माणसांचें. जुन्या फॉन्टांत ‘पिता’ लिहितांना वेलांटी आधीं व ‘प’ मागून येत असे. युनिकोडांत ‘प’ आधीं असतो. रफाराचीही अशीच अदलाबदल होते. म्हणून ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरें येथें चुका राहतात. मध्येंच आलेले इंग्रजी शब्दही विस्कटतात. एकानें जुन्या छापील प्रतीवरून मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यानें पडद्यावर पहावें. शेवटीं मूळ फाईल, युनिकोडची प्रत व फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ अशा तिन्ही दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एक प्रत कागदावरही असूं द्यावी.

हें काम यंदाच करावें, असें आग्रहानें सांगण्याचें कारण फॉन्ट नव्हे. पणजीचें माहेरचें नांव काय, लहानपणीं गेलेल्या काकांना घरांत काय म्हणत, हें तपासून सांगणारीं माणसें अद्याप ओसरीवर बसलेलीं आहेत. परिवर्तकानें एखादें नांव चुकविलें, तर आज आजी तें ऐकतांच सुधारतील. पुढें तें चुकलें आहे, हेंही कोणास कळणार नाहीं.