वाचनमैत्रिणी

वाचन म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र येते? एक मुलगा किंवा मुलगी, हातात पुस्तक आणि आजूबाजूला शांतता. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही असेच वाचता. पण पुस्तक वाचण्याची आणखी एक रीत आहे आणि ती खूप जुनी आहे. पाच-सहा जणी एकत्र बसतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. मध्येच कोणीतरी विचारते, "थांब, ती माहेरी का निघून गेली?" मग पुस्तक मांडीवर पालथे पडते आणि बोलणे सुरू होते. अशा गटाला कोणी वाचक मंडळ म्हणते, कोणी वाचन कट्टा म्हणते. जेथे पैशांऐवजी पुस्तकांची देवघेव होते, तेथे बायका हसत हसत त्याला पुस्तकांची भिशी म्हणतात.

अशा बायकांची मैत्री पुस्तकामुळे कशी होते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल. आपण एका तव्यापासून सुरुवात करू.

१८४० साली, आज ज्याला उत्तर प्रदेश म्हणतात त्या भागात, बिजनौर जिल्ह्यात अशरफुन्निसा बेगम यांचा जन्म झाला. पुढे त्या बीबी अशरफ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या घराण्यात मुलींना कुराण वाचायला शिकवत, पण लिहायला शिकवत नसत. असे का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. वाचणारी मुलगी घरातच राहते, पण लिहिणारी मुलगी पत्र पाठवू शकते. पत्र उंबरठ्याबाहेर जाते, आणि त्यात काय लिहिले आहे ते घरातल्या मोठ्यांना कळत नाही. लोकांना भीती होती ती या पत्राची. तेव्हा ही भीती एकाच घराण्यात किंवा एकाच धर्मात होती असे मात्र समजू नका.

मोहरमच्या दिवसांत बायकांच्या मजलिसी होत. तेथे म्हटली जाणारी काव्ये आपल्याला स्वतः वाचता यावीत, अशी लहानग्या अशरफला फार ओढ होती. पण तिला उर्दू शिकवायला कोणी तयार होईना. मग तिने एक युक्ती केली. दुपारी सगळे झोपले की ती स्वयंपाकघरातून तव्याची काजळी खरवडून घेई. तीच तिची शाई. मडक्यावरचे मातीचे झाकण ही तिची दौत आणि केरसुणीची काडी ही तिची कलम. (मराठीतील 'दौत' म्हणजे तुमची 'दवात' आणि 'शाई' म्हणजे तुमची 'सियाही', हे तुमच्या लक्षात आलेच असेल.) मिळेल तो छापील मजकूर समोर ठेवून ती त्यातील अक्षरे जशीच्या तशी उतरवून काढी. अडचण एवढीच होती, की आपण काय उतरवले ते तिला वाचता येत नव्हते!

पुढे नात्यातील एका मुलाला कुराणाचा धडा अवघड जाऊ लागला. अशरफला तो येत होता. दोघांनी सौदा केला. तिने त्याला कुराणाच्या धड्यात मदत करायची आणि त्याने तिला उर्दू शिकवायचे. हे शिकणे फार दिवस चालले नाही, पण तिला तेवढे पुरले. अक्षरांचे कुलूप उघडले.

आता खरी गंमत ऐका. हिला लिहिता-वाचता येते, हे घरातल्या बायकांना कळले. त्यांनी तिला रागे भरावे, असे तुम्हांला वाटेल. पण त्याच बायका एकेक करून तिच्याकडे येऊ लागल्या. कोणाला माहेरून आलेले पत्र वाचून हवे होते, तर कोणाला दूर असलेल्या नवऱ्याला चार ओळी लिहायच्या होत्या. जी गोष्ट पुरुषाकडून लिहून घेताना जीभ अडखळे, ती या मुलीला सांगता येत होती. जिच्याजवळ आपण मनातले बोलू शकतो, तिलाच आपण मैत्रीण म्हणतो, नाही का?

पुढे बीबी अशरफ लाहोरला राहू लागल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी तेथील व्हिक्टोरिया मुलींच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले. आपण लिहायला कसे शिकलो, ही हकिकत त्यांनी १८९९ साली लिहिली. ती छापली एका साप्ताहिकाने, आणि त्या साप्ताहिकाची गोष्टही तेवढीच ऐकण्याजोगी आहे.

त्याचे नाव 'तहजीब-ए-निस्वाँ'. ते १८९८ साली लाहोरला सुरू झाले. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. त्या वेळी त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. पती सय्यद मुमताज अली हे त्यांच्या पाठीशी होते. खास स्त्रियांसाठी निघणारे आणि स्त्रीने संपादन केलेले हे पत्र अनेकांना खपले नाही. नमुना म्हणून पाठवलेले अंक लोक परत पाठवत आणि वेष्टनावर शिव्या लिहीत. पहिल्या तीन महिन्यांत शंभर वर्गणीदारसुद्धा मिळाले नाहीत. दुसऱ्या कोणी पत्र बंद केले असते. हे पत्र पुढे सुमारे पन्नास वर्षे चालले.

ते टिकले याचे कारण मला त्याच्या वाचकांमध्ये दिसते. या वाचक स्त्रिया स्वतःला 'तहजीबी बहनें' म्हणवून घेत. एकीने प्रश्न विचारावा आणि दुसऱ्या गावातील तिघींनी पुढच्या अंकांतून उत्तरे द्यावीत, असे चाले. लग्नातला खर्च, मुलींची शाळा, घरातले रीतिरिवाज, असे कितीतरी विषय त्यात येत. पडद्यामुळे अनेक जणी आपले नावही लिहीत नसत. त्या 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची पत्नी' अशी सही करत. अलीगढजवळच्या जाहिदा खातून शेरवानिया यांच्या कविता तर केवळ 'जे. खे. शीन.' या तीन अक्षरांखाली छापून येत. त्यांचा जन्म १८९४ चा आणि मृत्यू १९२२ चा, म्हणजे जेमतेम सत्तावीस वर्षांचे आयुष्य. पण ही तीन अक्षरे दूरदूरच्या घरांत ओळखली जात होती. चेहरा न पाहता, आवाज न ऐकता, नुसत्या वाचनावर जुळलेली ही मैत्री होती.

या साप्ताहिकाचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा तुम्ही ऐकले असेल. तेथील नवाबाची बेगम नाझली, तिची बहीण जोहरा आणि धाकटी अतिया फैजी या तिघी बहिणी मुंबईच्या सुशिक्षित घराण्यातील होत्या. अतिया १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तेथून त्या बहिणींना रोजनिशीसारखी पत्रे पाठवत. ती पत्रे 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापली गेली. ज्या बायकांनी आपल्या गावची वेसही ओलांडली नव्हती, त्यांनी लंडनचे रस्ते, तेथील वर्ग आणि आगबोटीचा प्रवास घरबसल्या पाहिला. १९२१ साली या मजकुराचे 'जमाना-ए-तहसील' नावाचे पुस्तकही निघाले.

बीबी अशरफ आणि मुहम्मदी बेगम यांच्या वयांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर होते. एक आजी शोभावी, तर दुसरी नात. तरीही त्यांची मैत्री झाली. १९०३ साली बीबी अशरफ वारल्या, तेव्हा मुहम्मदी बेगम यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्या चरित्राचे नाव 'हयात-ए-अशरफ'. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०८ साली, मुहम्मदी बेगमही गेल्या.

याच सुमारास मराठी घरांत काय चालले होते? फार वेगळे नव्हते. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. पतीने त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच आवडले नाही. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. तेथे स्त्रिया जमत, भाषणे ऐकत, वाचन होई. रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या आणि घरातले टोमणे आणखी वाढले. हे सारे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पुण्यातील रमाबाई आणि लाहोरच्या बीबी अशरफ एकमेकींना कधी भेटल्या असत्या, तर त्यांना भाषेची अडचण आली असती. सासर-माहेरच्या गोष्टी समजायला मात्र आली नसती.

आता आपल्या काळात येऊ. समजा, तुमच्या मोहल्ल्यातील आठ-दहा बायकांनी असे मंडळ सुरू करायचे ठरवले. त्यांना काय लागेल? फार काही नाही. एक खोली, एक सोयीचा वार आणि पुस्तके. पुस्तके विकतच घ्यायला हवीत असे नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ साली कायदा झाला. गावोगावी शासनमान्य वाचनालये आहेत. थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली, की सभासद होता येते. दोघी-तिघी सभासद झाल्या तरी पुस्तके सगळ्यांत फिरतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. तिच्यात पुस्तकांची एक पेटीच वाचकांच्या गटाकडे येते. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि त्यांची पेटी तुमच्याकडे येते. अशा पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या आहेत.

पुस्तके मिळणे सोपे आहे, वेळ मिळणे अवघड आहे. घरातल्या बाईची दुपार तिची स्वतःची असते, असे आपल्याला वाटते. पण नळाला पाणी त्याच वेळी येते, गॅसवालाही त्याच वेळी येतो. म्हणून पहिल्या काही बैठकींना निम्म्याच जणी येतात. कोणी पुस्तक अर्धेच वाचून येते आणि कोणी न वाचताच येते. माझ्या मते न वाचता येणारीलाही बसू द्यावे. ती ऐकेल, आणि ऐकता ऐकता शेवट काय झाला हे कळण्यासाठी पुस्तक मागून नेईल.

आणखी एक अडचण आहे आणि ती नाजूक आहे. समजा, त्या बायकांमध्ये एक वयस्कर खाला आहेत. त्या दर वेळी म्हणतात, "आज चष्मा घरीच राहिला." दोन वेळा सगळ्यांना ते खरे वाटते. तिसऱ्या वेळी एखादीच्या लक्षात येते, की प्रश्न चष्म्याचा नाही. खालांना वाचता येत नाही. आता काय करायचे? सर्वांसमोर विचारले, तर त्या पुन्हा येणार नाहीत. शहाणी मैत्रीण काही विचारत नाही. ती एवढेच म्हणते, "पुढच्या आठवड्यापासून आपण मोठ्याने वाचू या. एकटीने वाचले की मला लवकर झोप येते."

आणि येथे तुमची गरज लागते! मोहल्ल्यातील कितीतरी बायका उर्दू सहज वाचतात, पण मराठी पुस्तक हाती घेताना कचरतात. तुम्ही शाळेत मराठी शिकता. तेव्हा तुम्हांला बोलावणे येईल. जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. आदल्या दिवशी ते पान एकदा स्वतः वाचून पाहा आणि अडलेला शब्द बाईंना किंवा सरांना विचारून ठेवा. वर्गात वाचता तसे भरभर वाचू नका. वाक्य संपले की क्षणभर थांबा. एखादा शब्द कोणाला कळला नाही, तर हसू नका, त्याचा उर्दू शब्द सांगा. तुम्हांलाच कळला नाही, तर तसे सांगून टाका. बायका बोलू लागल्या, तर पुस्तक मिटून ऐकत बसा. पुस्तकातल्या सुनेबद्दल बोलता बोलता त्या कधी स्वतःबद्दल बोलू लागतात, ते कोणालाही कळत नाही. तेथे ऐकलेले बाहेर कोणाला सांगू नका.

निघताना पानाचा कोपरा दुमडू नका, पुस्तक वाचनालयाचे असते. बसचे जुने तिकीट खुणेला ठेवा. पुढच्या आठवड्यात तुम्ही दार वाजवण्याआधीच खाला पुस्तक घेऊन बसलेल्या असतील, आणि तिकीट कोणत्या पानात आहे ते तुम्हांला दाखवतील.