डेट्रॉइटचा ठेका



‘ठेका’ हा शब्द उच्चारला की आमच्या युनियनच्या कचेरीत कपाळांना आठ्या पडतात. कंत्राटदारांशी भांडण्यात ज्याची हयात गेली त्याने ठेक्याची थोरवी सांगावयास उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण आजचा ठेका तालाचा आहे. मी संगीताचा जाणकार नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. अमेरिकेतील डेट्रॉइट हे गाव मला कामगार चळवळीच्या पुस्तकांतून ठाऊक होते. माझ्या मुलाने त्याच गावचा एक माणूस मला ऐकविला. त्याला गवई म्हणावे की कारागीर, हे मला अजून ठरविता आलेले नाही. जेम्स यान्सी त्याचे नाव. जग त्याला ‘जे डिला’ म्हणून ओळखते.

आधी गावाविषयी. डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलंड पार्क येथे 1913 साली फोर्डने मोटारींचा सरकता पट्टा सुरू केला. माणूस जागेवर उभा आणि काम त्याच्यापुढून सरकत जाणारे. म्हणजे वेग माणसाचा नव्हे, पट्ट्याचा. मोटार-कामगारांची संघटना याच गावात 1935 साली जन्मली, आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस जवळच्या फ्लिंट गावी कामगार कारखान्यातच चव्वेचाळीस दिवस ठिय्या देऊन बसले. तो इतिहास सांगू लागलो तर रात्र पुरणार नाही. एवढेच सांगतो, की बेरी गॉर्डी नावाचा एक तरुण अशाच पट्ट्यावर काम करून बाहेर पडला, आणि 1959 साली घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने गाण्यांची कंपनी काढली. तीच ‘मोटाउन’. पुढे कारखाने हलले, बंद पडले. 1950 साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली वस्ती 2010 च्या शिरगणतीत सात लाख चौदा हजारांवर आली.

या ओसरत्या गावात 7 फेब्रुवारी 1974 रोजी जेम्सचा जन्म झाला. वाढला तो कॉनंट गार्डन्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. बाप जाझमधला बास वाजविणारा, आईही गाणारी. हिप-हॉप तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नुकतेच रांगू लागले होते. जुन्या तबकडीतला तालाचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवावयाचा आणि त्यावर यमक जुळवीत, बोलल्यासारखे गावयाचे, असा तो प्रकार. बोलणारा तो रॅपर, आणि खालचा ताल-सूर रचणारा तो प्रोड्यूसर. जेम्स दोन्ही होता; पण त्याचे खरे मोठेपण दुसऱ्या कामात.

दुसऱ्याच्या तबकडीतला तुकडा घेणे ही चोरी नव्हे काय, असे कोणी विचारील. परवानगी न घेता, मोबदला न देता घेतला तर तक्रार रास्तच आहे, आणि त्यावरून तिकडे खटलेही झाले. पण भंगारातल्या लोखंडातून नवे अवजार घडविणाऱ्याला आपण भंगारचोर म्हणत नाही.

आता यंत्राकडे येतो. जपानच्या अकाई कंपनीने 1994 साली ‘एमपीसी 3000’ बाजारात आणले. रचना रॉजर लिन या अमेरिकनाची. त्यावर सोळा चौकोनी रबरी कळा असतात. तबकडीतला आवाज कळेत भरावा, आणि कळ दाबली की तो वाजावा. एका मात्रेचे हे यंत्र शहाण्णव भाग करते. आपले बोट जरा आधी वा उशिरा पडले, तर यंत्र तो आघात उचलून जवळच्या खाचेत नेऊन बसविते. मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली तिथे टाईम-स्टडीवाला घड्याळ घेऊन पाठीशी उभा राही. या यंत्राच्या पोटात तोच बसला आहे असे समजा.

जेम्सने ही दुरुस्ती सरळ बंद केली, असे सांगण्याची पद्धत आहे. गोष्ट इतकी सोपी नाही. काही आघात तो खाचेत ठेवी, काही हाताने पडले तसेच राहू देई, आणि काही यंत्राच्याच सोयीने मुद्दाम अंमळ पुढे वा मागे सरकवी. स्नेअर किंचित घाईत, झांज झोक्यात, खालचा मोठा ड्रम आपल्याच तंद्रीत. आणि तरीही सगळे मिळून चालतात. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले, तबकडी बिघडली आहे. दहाव्यांदा ऐकताना पाय आपोआप हलू लागला. पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारी माणसे कशी चालतात ते आठवा : पावले कोणाचीच जुळत नाहीत, पण लोंढा एकच असतो.

असले यंत्र हाताळावयास त्याला शिकविले ते शेजारच्या ॲम्प फिडलर या वादकाने. फिडलरनेच 1994 साली ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या क्यू-टिपशी त्याची गाठ घालून दिली. मग कामाचा ओघ सुरू झाला. 1995 साली ‘फारसाइड’ या मंडळीसाठी, 1996 साली ‘डे ला सोल’साठी त्याने ताल रचले. त्याच वर्षी ‘ट्राइब’चा संग्रह विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यावर नाव होते ‘उम्मा’ या तिघांच्या जोडनावाचे. तळघरात बसून घडविणाऱ्या या बावीस वर्षांच्या पोराला फारसे कोणी ओळखत नव्हते. शाळेतल्या दोन मित्रांबरोबर काढलेली ‘स्लम व्हिलेज’ ही त्याची स्वतःची मंडळी; तिचा गाजलेला संग्रह 2000 सालचा. कॉमन या गायकासाठी त्याने रचलेले गाणेही त्याच वर्षीचे. आणि गंमत पाहा, याच सुमारास क्वेस्टलव्हसारखे हातात काठ्या घेऊन वाजविणारे कसलेले ड्रमवादक यंत्रावरचे त्याचे ते डगमगणे ऐकून स्वतःच्या हातांना पुन्हा वळण लावू लागले!

आपल्या कंपनीचे नाव त्याने ‘पे जे’ ठेवले होते, म्हणजे ‘जेला पैसे द्या’. आम्ही मागणीपत्रे पानेच्या पाने लिहितो; याने दोन शब्दांत आटोपले. पण रॅपर म्हणून एका मोठ्या कंपनीसाठी केलेला त्याचा संग्रह कंपनीने फडताळात टाकला. तो बाहेर आला 2016 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

2002 मध्ये रक्ताचा एक दुर्मीळ विकार निघाला, मागोमाग ल्यूपस. 2004 साली तो लॉस एंजलिसला गेला. 2005 च्या अखेरीस चाकांच्या खुर्चीत बसून त्याने युरोपचा दौरा केला. रुग्णालयात खाटेशेजारी त्याने तबकड्या आणि छोटे यंत्र मागवून घेतले. बोटे सुजली की आई चोळून देई, मग पुन्हा काम. ‘डोनट्स’ या संग्रहावर त्याने आजारपणात असा हात फिरविला, जरी त्यातला बराच भाग आधीच तयार होता. एकतीस लहान लहान तुकडे, शब्द जवळजवळ नाहीत. 7 फेब्रुवारी 2006 ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, तो बाजारात आला. 10 तारखेला जेम्स गेला.

मागे कराची थकबाकी राहिली, आणि हक्कांवरून वारसांत नि कारभाऱ्यांत वर्षानुवर्षे भांडणे चालली. आई स्वतः आजारी. मुलाच्या कामाच्या मिळकतीतले तिच्या हाती बराच काळ फारच थोडे आले. त्याचे ते यंत्र तिने 2014 साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकले. मुलाने मला त्याचे छायाचित्र दाखविले. पत्र्याची पेटी, सोळा कळा. टेबलावर मावेल एवढीच.