ब्लॉगच्या किल्ल्या एकाच फाइलमध्ये

वर्डप्रेसवर ब्लॉग उभारला की लेख, प्रतिक्रिया, खाती हे सगळे डेटाबेसमध्ये साठते. त्या डेटाबेसचे नाव आणि पासवर्ड मात्र 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या एकाच फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. फाइल पीएचपीची असल्याने ब्राउझरमध्ये तिचा मजकूर दिसत नाही. धोका वेगळाच आहे. बदल करण्यापूर्वी अनेक जण तिची प्रत काढतात, नावाच्या शेवटी 'ओल्ड' जोडतात आणि तिथेच ठेवतात. ही प्रत सर्व्हर पीएचपी म्हणून चालवत नाही. बहुधा जशीच्या तशी वाचायला देतो, पासवर्डसकट! अशा प्रती हुडकत फिरणारे बॉट कमी नाहीत. प्रत हवीच, पण स्वतःच्या संगणकावर.

याच फाइलमध्ये ८ गुप्त ओळी असतात. ४ 'की', ४ 'सॉल्ट'. लॉगिनच्या कुकीज त्यांच्या आधारे पडताळल्या जातात. साइटमध्ये कोणी घुसल्याचा संशय आला, तर या ओळी लगेच बदलाव्यात. सगळेच लॉगआउट होतात, चोरलेल्या कुकीवर आत बसलेला घुसखोरही. पासवर्ड अर्थातच वेगळे बदलावे लागतात.

टेबलांच्या नावांमागचा 'डब्ल्यूपी' हा उपसर्ग बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग तसा बेताचाच. त्यापेक्षा फाइलची परवानगी ४४० किंवा ४०० करून घ्यावी.