सामान्य गृहस्थाचे चरित्र

चरित्र म्हटले की ते राजांचे, सेनापतींचे अथवा साधुपुरुषांचे असावयाचे, अशी आपल्याकडे रूढी पडून गेली आहे. ज्याने जन्मभर कष्ट केले, मुलेबाळे वाढविली आणि देणे फेडता फेडता डोळे मिटले, त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काय असणार, असे कोणीही विचारील. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे आम्ही आज योजिले आहे.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा. येथील कष्टाळू गृहस्थाचे वर्ष धानाभोवतीच फिरते. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकावयाचे, आषाढात बांधीत चिखल करून रोवणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणीस लागावयाचे. पावसाने दगा दिला की सारे वर्ष हातचे जाते. मग कोणी दुसऱ्याच्या बांधीत मजुरी करतो, तर कोणी विड्या वळतो. १९५१ साली मालगुजारी रद्द झाली, तोपर्यंत या भागातील कुळास मालगुजाराच्या देण्याचीही चिंता असे. पीक बुडाले तरी ती चिंता काही बुडत नसे.

अशा माणसाची हकीकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. मात्र स्कॉटलंडातील अशाच एका कुळाची हकीकत सुदैवाने टिकून राहिली आहे. आसगावच्या शेतकऱ्यास ती परकी वाटणार नाही.

विल्यम बर्न्स याचा जन्म १७२१ साली ईशान्य स्कॉटलंडात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची शेती बसल्यामुळे तो तरुणपणी गाव सोडून निघाला आणि माळीकाम करीत प्रथम एडिंबरो येथे व पुढे एअर परगण्यात आला. ॲलोवे गावी सात एकर जमीन घेऊन त्याने स्वतःच्या हातांनी मातीच्या भिंतींचे घर उभारले आणि १७५७ साली लग्न केले. १७५९ च्या जानेवारीत पहिला मुलगा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळाने घराची एक भिंत ढासळली, आणि बाळबाळंतिणीस शेजाऱ्याकडे हलवावे लागले. पुढे त्यास एकंदर सात मुले झाली.

१७६६ साली त्याने खंडाने सत्तर एकरांचे शेत घेतले. जमीन निकस निघाली, खंड मात्र जबर होता. घरात गडी ठेवण्याची ऐपत नसल्यामुळे कोवळी मुलेच नांगरामागे चालू लागली. तथापि एका गोष्टीत या बापाने कधी हात आखडला नाही. चार शेजाऱ्यांस मिळवून घेऊन त्याने एक तरुण शिक्षक नेमविला. शिक्षकाने पाळीपाळीने एकेकाच्या घरी राहावे, असे ठरले. पुढे ती सोय राहिली नाही, तेव्हा हिवाळ्याच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात तो स्वतःच मुलांस गणित शिकवू लागला. दिवसभर शेतात राबून आलेला तो बाप मुलांसाठी पुस्तके उसनी आणीत असे.

१७७७ साली त्याने दुसरे, मोठे शेत घेतले. तेथे जमीनमालकाशी खंडाचा तंटा लागून तो वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १७८४ च्या जानेवारीत निकाल विल्यमच्या बाजूने लागला. परंतु तोवर गाठीची पुंजी सरली होती आणि क्षयाने देह पोखरला होता. निकालानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १३ फेब्रुवारी रोजी, तो वारला.

दोन वर्षांनी, १७८६ साली, त्याच्या थोरल्या मुलाचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. तो मुलगा म्हणजे स्कॉटलंडचा राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स. त्या संग्रहातील एका कवितेत त्याने कष्टकरी शेतकऱ्याच्या घरातील शनिवारची रात्र वर्णिली आहे. तीतील कुटुंबप्रमुख पित्यावरूनच रेखाटला आहे. बापास मात्र ते पुस्तक पाहावयास मिळाले नाही.

मुलगा कवी झाला, म्हणून बापाचे नाव उरले, हे खरे. पण तो कवी झाला नसता, तर त्या मेणबत्तीचे मोल कमी झाले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्यांतही कोणी पूर्वज माधुकरी मागून शिकला असेल, कोणी पोटास चिमटा घेऊन मुलांस शिकविले असेल. त्यांची नावे छापली गेली नाहीत. त्यांच्या कष्टांवर मात्र आपली घरे उभी आहेत. रोवणीच्या ऐन घाईत घरचे दोन हात कमी पडत असताही जो बाप मुलाच्या खांद्यावर दप्तर अडकवून त्यास शाळेत धाडतो, तो त्याच मालिकेतला. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांची हकीकत विचारून वहीत उतरून ठेवावी, एवढीच आमची विनंती.