लॉरेल, विडा आणि दसऱ्याचे सोने

आपल्या नावापुढील एम.बी.बी.एस. या अक्षरांत एका झाडाचे फळ दडले आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. यातील पहिला 'बी' म्हणजे लॅटिन 'बॅकॅलॉरिअस'. मुळात हा निराळाच, कनिष्ठ दर्जाच्या माणसाला लावला जाणारा शब्द. मध्ययुगीन पंडितांनी त्याचे नाते 'बॅका लॉरी' म्हणजे लॉरेलच्या फळाशी जोडले आणि पदवीला विजयाची झळाळी आली. खोट्या व्युत्पत्तीला इतके गोड फळ आलेले मी दुसरे पाहिले नाही!

लॉरेल हा भूमध्य सागराकाठचा सदाहरित वृक्ष. ग्रीक पुराणात अपोलोपासून पळणारी डॅफ्नी लॉरेल झाली आणि अपोलोने त्याची पाने मस्तकी धारण केली. हाच अपोलो वैद्यकाचाही देव. हिपोक्रॅटिसची शपथ त्याच्याच नावाने सुरू होते. पुढे रोमन विजेत्यांच्या डोक्यावर हीच पाने आली. नोबेल 'लॉरिएट' हा शब्द तिथलाच. मिळालेल्या कीर्तीवर संतुष्ट होऊन जो हातपाय हलवीत नाही, तो इंग्रजीत लॉरेलवर विसावतो. स्पॅनिश माणूस तर त्यावर चक्क झोपी जातो.

मराठीत मात्र पान कर्तृत्वाच्या आधी येते. विडा उचलला की काम अंगावर आले. कौतुकाचा अद्याप पत्ता नसतो. विजयाचे पान दसऱ्याचे. महाराष्ट्रात ते आपट्याचे, आपल्या ग्वाल्हेरीत शमीचे. मांढऱ्याच्या मातेच्या टेकडीखाली शिंदे घराण्याचे शमीपूजन होते. तलवारीचा स्पर्श होताच पाने लुटण्यासाठी झुंबड उडते. हे सोने घरी ठेवण्याचे नव्हे, थोरांच्या हाती देऊन नमस्कार करण्याचे. मला हा रिवाज त्या एकट्याच्या मुकुटापेक्षा अधिक आवडतो.

लॉरेलचे आप्त आपल्या स्वयंपाकघरातही आहेत. तमालपत्र त्याच कुलातले. दालचिनी व वेलचीसह ते आयुर्वेदातील 'त्रिजात' होते. लॉरेलच्या पानात मधली एकच ठळक शीर असते, तमालपत्रात देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन.

नावाच्या सारखेपणाने मात्र घात होऊ शकतो. स्पॅनिशमध्ये 'लाउरेल रोसा' म्हणजे चक्क कण्हेर! तिच्या पानांतील ग्लायकोसाइडे डिजिटॅलिससारखी हृदयावर परिणाम करतात. उलट्या, मंदावलेली नाडी, हार्ट ब्लॉक, रक्तातील पोटॅशियम वाढणे असे चित्र दिसते. उकळल्यानेही विष नाहीसे होत नाही. म्हणून कोणताही 'पाल्याचा काढा' घेतल्यावर उलट्या होऊन नाडी मंद झालेला रुग्ण आला, तर ई.सी.जी. व पोटॅशियम तातडीने पाहावे, आणि नातेवाइकांना झाडाचे नाव विचारून न थांबता त्याची डहाळीच आणावयास सांगावी.